फौजी आजोबांनी नातवाबरोबर कोणते सिनेमे पाहावेत?

पत्र : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून २००० साली सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. २८ वर्षे नोकरी झाली, त्यात काश्मीर झाले आणि शांतिसेनेबरोबर श्रीलंकाही झाली. नंतर कराडला १२ वर्षे एका बँकेत बंदूकधारी गार्ड होतो. मुलगा आणि सून पुण्यात असतात, नातू चौथीत आहे. गणपतीला सगळे गावी आले होते, तेव्हा नातवाला घेऊन टीव्हीवर फौजेचा एक सिनेमा पाहत बसलो. गोळीबार सुरू झाला आणि सूनबाईंनी टीव्ही बंद केला. ‘घरात बंदुकीचे काही नको,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्याच रात्री नातवाने विचारले, ‘आजोबा, तुम्ही किती माणसे मारली?’ मला उत्तर सुचले नाही आणि मी ओट्यावर जाऊन बसलो. आता दिवाळीला ते पुन्हा येणार आहेत. बंदूक असलेले सगळे सिनेमे वाईटच असतात का? त्याच्याबरोबर पाहण्यासारखे काही आहे का? आणि माझे सारे आयुष्य नातवापासून लपवून ठेवण्यासारखे आहे का, एवढे सांगा. (बारा बोअरची दुनळी अजून घरात आहे, परवाना चालू आहे.)

— एक माजी सैनिक, कराड तालुका

सुभेदार साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय सिनेमांची नावे तुमच्या काही कामाची नाहीत. तुमचे आयुष्य नातवापासून लपवण्यासारखे मुळीच नाही. ज्या माणसाने आयुष्यातली २८ वर्षे शस्त्र हाताळले आणि ते कधी उचलायचे, कधी खाली ठेवायचे हे दुसऱ्याच्या हुकमाने आणि स्वतःच्या जबाबदारीने पाळले, तो माणूस त्या मुलाच्या घरातच आहे, हे त्या मुलाचे भाग्य आहे. पण सूनबाईंनी टीव्ही बंद केला तो तुमच्या नोकरीचा अपमान करण्यासाठी, असे जे तुमच्या मनाने घेतले आहे, ते मला पटत नाही. पडद्यावर माणसे पटापट पडत असताना शेजारी बसलेल्या आपल्या लेकराचा चेहरा तिने पाहिला असणार. तुम्ही पडद्याकडे पाहत होता आणि ती मुलाकडे पाहत होती. त्याच रात्री मुलाने जो प्रश्न विचारला, तो तुमच्या गोष्टींतून आलेला नव्हता. तो त्या सिनेमातून आला होता, कारण तिथे फौजी माणसाची किंमत त्याने पाडलेल्या माणसांच्या संख्येवर ठरत होती. सूनबाईंची चूक असलीच तर एवढीच, की त्यांनी तो सिनेमा आणि बंदुकीचा सगळाच विषय एका फटक्यात बंद केला.

बंदूक नुसती पुसून टाकून काही साधत नाही, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत घडलेले आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा मुलांचा सिनेमा १९८२ मध्ये आला आणि २० वर्षांनी, २००२ मध्ये, तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा सायकलवरून पळणाऱ्या मुलांना अडवणाऱ्या सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुका संगणकाच्या मदतीने पुसून तिथे वॉकीटॉकी दाखवण्यात आले. पुढे स्पीलबर्ग यांनीच आपण हे करायला नको होते असे जाहीरपणे सांगितले आणि नंतरच्या आवृत्तीत बंदुका परत आल्या. मोठ्या माणसांच्या हातात शस्त्र आहे आणि समोर मुले आहेत, हे पाहून प्रेक्षकाच्या पोटात जो गोळा येतो, तोच त्या प्रसंगाचा प्राण होता. मुलांना भीती वाटू नये म्हणून बंदूक काढली आणि त्या जागी काही उरले नाही. त्यामुळे सिनेमात बंदूक आहे की नाही, या प्रश्नावर मी फार वेळ घालवत नाही. ती बंदूक पडद्यावर किती जड वाटते, हे पाहते.

जड म्हणजे काय, ते सांगते. मी कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत होते. आम्हा मुलींना फायरिंगसाठी रेंजवर नेले, प्रत्येकीला पॉइंट टू-टू रायफल आणि पाच राउंड. आमचे उस्ताद सातारा भागातले एक हवालदार होते. ते कधी आवाज चढवत नसत, पण एकीने नळी इकडची तिकडे जराशी वळवली तर तिला त्या दिवशी पुन्हा रायफल मिळत नसे. फायरिंग संपल्यावर त्यांनी खाली खोके, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारी रिकामी नळकांडी, मोजले, तर एक कमी भरला. करंगळीच्या पेराएवढी ती पितळी नळकांडी, जिवंत नाही, कोणाला इजा करू शकेल अशी नाही. पण ती सापडेपर्यंत आम्ही सगळ्या जणी गुडघ्यांवर बसून गवत चाळत होतो आणि ट्रक सुरू होऊन थांबला होता. ती सापडली, मग आम्ही ओळीने उभ्या राहिलो आणि प्रत्येकीने मोठ्याने सांगितले की माझ्याजवळ कोणताही जिवंत राउंड किंवा खाली खोका नाही. सुभेदार साहेब, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ते हजारदा केले असेल. पण मला बंदुकीबद्दल आदर वाटला तो नेम बरोबर बसला त्या क्षणी नव्हे, त्या गवतात वाटला. प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो, हे त्या दिवशी अंगात मुरले.

आता तुम्ही गणपतीला पाहत होता तशा सिनेमात हा हिशेब कुठे असतो ते आठवून पाहा. नायकाच्या बंदुकीतल्या गोळ्या संपत नाहीत, तो ती कधी पुसत नाही, कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा करत नाही, कोणाच्या सहीवर घेत नाही. गोळी सुटते आणि कॅमेरा लगेच पुढे पळतो. जो पडला त्याच्याकडे मागे वळून कोणी पाहत नाही. तुमच्या नातवाने ‘किती’ असे विचारले याचे कारण त्या सिनेमाने त्याला मोजायलाच शिकवले. मी स्वतः एखादा सिनेमा मुलांना दाखवावा की नाही हे ठरवताना गोळी सुटण्याआधीचे एक मिनिट आणि सुटल्यानंतरची पाच मिनिटे पाहते. आधी कोणी विचार केला का, आणि नंतर कोणाला त्याचे काही वाटले का? ते एक मिनिट आणि ही पाच मिनिटे जिथे प्रामाणिक आहेत, तिथे बंदूक असूनही तो सिनेमा चौथीतल्या मुलाला आई-आजोबांच्या मध्ये बसवून दाखवता येतो.

दुसरी गोष्ट पडद्यावरच्या माजी सैनिकाची. याबद्दल माझ्या मनात बरेच दिवस खंत आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. आपल्या सिनेमांत आणि मालिकांत निवृत्त फौजी बहुधा दोनच रूपांत भेटतो. एक तर मोठ्या मिशांचा, बंगल्यात राहणारा, सोसायटीतल्या पोरांवर खेकसणारा आणि संध्याकाळी रमचा ग्लास घेऊन बसणारा कर्नल, ज्याच्याकडे पाहून हसायचे असते. किंवा घरच्यांवर अन्याय झाल्यावर जुनी ट्रंक उघडून शस्त्र बाहेर काढणारा आणि शेवटी पंधरा-वीस जणांना लोळवणारा सूड घेणारा. दोघेही बहुतेक वेळा अधिकारीच असतात. सुभेदार, हवालदार, नाईक, शिपाई म्हणून पेन्शनवर आलेला माणूस पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही, आणि सातारा जिल्ह्यात तर अपशिंगे मिलिटरीसारखी अशी गावे आहेत की गावाच्या नावातच मिलिटरी आहे. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे भरती झाली, त्या घरांतल्या मुलांनी सिनेमात आपला आजोबा कधी पाहिलेलाच नसतो.

आणि हा आजोबा दिसतो कसा, हे तुम्ही जाणताच. तो पहाटे उठतो, अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घालतो, हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात वेळेवर जातो, कँटीनचे सामान सगळ्या भावकीला पुरवतो, भरतीला जाणाऱ्या पोरांना पहाटे रस्त्यावर पळवतो, आणि फटाक्यांचा मोठा आवाज झाला की क्षणभर थांबतो पण कोणाला काही सांगत नाही. तुम्ही पेन्शनवर आल्यावर १२ वर्षे बँकेच्या दारात स्वतःची बंदूक घेऊन उभे राहिलात आणि त्या १२ वर्षांत ती बहुधा एकदाही चालवावी लागली नसेल. सिनेमावाल्याला यात गोष्ट दिसणार नाही. मला दिसते. शस्त्र हातात असून ते चालवावे लागू नये अशा रीतीने रोज आठ तास उभे राहणे, याइतके शस्त्राचे चांगले चित्रण मला दुसरे सुचत नाही, आणि ते तुमच्या नातवाने पडद्यावर पाहिले नाही तरी तुमच्या तोंडून ऐकले पाहिजे.

यापुढे मला थोडे कडक लिहावे लागणार आहे. पत्राच्या शेवटी कंसात तुम्ही दुनळीचा उल्लेख केला आहे, पण ती कुठे ठेवली आहे हे लिहिलेले नाही. गावाकडच्या घरांत मी अशा बंदुका माजघराच्या कोपऱ्यात जुन्या धोतरात गुंडाळून उभ्या केलेल्या आणि काडतुसे त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली पाहिली आहेत, म्हणून काळजी वाटते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८ ते १२ वर्षांच्या १०४ मुलांना जोडीजोडीने बसवून त्यांना कौटुंबिक म्हणून चालणाऱ्या सिनेमांतला २० मिनिटांचा भाग दाखवला. काही जोड्यांना बंदुका असलेला, काहींना त्याच सिनेमातला बंदुका काढून टाकलेला. मग त्यांना खेळण्यांच्या खोलीत सोडले. तिथल्या एका खणात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवलेले होते. बहुतेक जोड्यांना ते सापडले आणि सापडल्याचे मोठ्यांना सांगणाऱ्या जोड्या एकूण जोड्यांच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच होत्या. ज्यांनी बंदुकांसह सिनेमा पाहिला होता, त्यांनी ते पिस्तूल जास्त वेळ हातात धरले आणि त्याचा घोडा जास्त वेळा ओढला.

नऊ-दहा वर्षांचा मुलगा, आदल्या रात्री पाहिलेला सिनेमा, आणि आजोबांच्या खोलीतली दुनळी. सूनबाई ‘घरात बंदुकीचे काही नको’ असे म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर टीव्ही होता की तुमच्या खोलीचा कोपरा होता, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का? मला तरी वाटते की ‘घरात’ हा शब्द त्यांनी उगाच वापरलेला नाही. तुम्ही फौजेत कोताची किल्ली कोणाकडे असते, याबद्दल जेवढे काटेकोर होता, तेवढेच घरातही झाले पाहिजे. बंदूक रिकामी करून कुलूपबंद लोखंडी कपाटात, काडतुसे दुसऱ्या जागी दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या फक्त तुमच्याजवळ. आणि आता गार्डची नोकरी नाही, रानात डुकरांचा त्रास असेल तर तेवढ्यापुरती गरज असू शकते. पण गरजच उरली नसेल तर ती रीतसर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचाही विचार करा. निवडणुकीच्या वेळी जमा करून पावती घेण्याची तुम्हाला सवय आहेच. आपला १९५९ चा शस्त्र कायदा नेमबाजीच्या प्रशिक्षणाची वेगळी तरतूद सोडली तर २१ वर्षांखालील कोणालाही शस्त्र बाळगू देत नाही, हेही नातवाला तुमच्याकडूनच कळावे. हे काम दिवाळीची वाट न पाहता या आठवड्यातच करा.

आता सिनेमे. पहिला ‘चंदू चॅम्पियन’, २०२४ मधला, कबीर खान यांचा. तो तुमच्या भागातल्या माणसावर आहे. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे, फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या दलात, जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सिनेमात लहानगा मुरली १९५२ मध्ये हेलसिंकीहून पदक घेऊन कराडला आलेल्या खाशाबा जाधवांची मिरवणूक पाहतो आणि तिथून सगळी गोष्ट सुरू होते. तुमच्या नातवाला खाशाबांचे गोळेश्वर दाखवायला तुम्हाला गाडी करावी लागणार नाही. हा सिनेमा मी आधी सांगते याचे कारण असे, की यात फौजी हा कोणाला तरी मारणारा माणूस म्हणून लक्षात राहत नाही. त्याला गोळी लागते, तो अंथरुणाला खिळतो, पुन्हा उभा राहू शकत नाही तर पाण्यात उतरतो, आणि म्हातारपणी आपल्या हक्काच्या सन्मानासाठी पोलीस ठाण्यात येऊन बसतो. तो जवान आहे, अधिकारी नाही, आणि सिनेमा त्याचे म्हातारपणही दाखवतो. एक सूचना मात्र पाळा. मध्ये छावणीवरच्या हल्ल्याचा लांबलचक प्रसंग आहे आणि तो मुलांसाठी दमछाक करणारा आहे. तो येण्याआधी नातवाला सांगा की आता वाईट वाटेल असे काही येणार आहे आणि नको असेल तेव्हा सांग, आपण थांबवू.

दुसरा ‘सांड की आँख’, २०१९ मधला. यात फौज नाही, पण बंदूक पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे आणि एकही माणूस तिच्यासमोर नाही. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या दोन जावा. साठी उलटल्यावर चंद्रो नातीला नेमबाजी शिकवायला म्हणून रेंजवर घेऊन गेल्या आणि त्यांचा स्वतःचाच नेम अचूक निघाला. घरच्या पुरुषांना कळू नये म्हणून रात्री सगळे झोपल्यावर पाण्याने भरलेले भांडे हात ताठ करून धरायचे, हात थरथरायचा थांबेपर्यंत धरून ठेवायचे, अशी त्यांची साधना होती. मला तो भाग फार आवडतो. बंदुकीचे कौशल्य म्हणजे श्वास आणि हात स्थिर ठेवणे, हे कोणत्याही भाषणाशिवाय त्या पाण्याच्या भांड्यातून कळते. सिनेमातली घरातल्या पुरुषांची दडपशाही मुलाला समजावून सांगावी लागेल, आणि ते काम सूनबाईंना करू द्या. याच्या जोडीला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये मिळवलेल्या कांस्यपदकाचे चित्रीकरण शोधून दाखवा. तीही पॉइंट टू-टू रायफलच. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते रायफलने आले, हे कराडच्या मुलाला माहीत असलेच पाहिजे. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, असे तीन प्रकार असतात. त्यांतला कोणता सगळ्यांत अवघड, हे तुमच्याइतके चांगले कोण सांगणार?

तिसरा इंग्रजी आहे, ‘सेकंडहँड लायन्स’, २००३ मधला. इंग्रजी अवघड गेले तर नातू तुम्हाला अर्थ सांगेल, आणि त्यात त्यालाही मोठेपणा वाटेल. टेक्सासमध्ये साधारण १९६० नंतरच्या एका उन्हाळ्यात एक मुलगा आपल्या दोन म्हाताऱ्या चुलत आजोबांकडे राहायला येतो. मायकेल केन आणि रॉबर्ट डुव्हाल यांनी ही दोन म्हातारी माणसे केली आहेत. ते दोघे तरुणपणी फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे परदेशी माणसांच्या फ्रेंच फौजेत, होते, निदान तसे ते सांगतात, आणि त्यांच्या गोष्टी खऱ्या की खोट्या हे त्या मुलाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. दिवसभर ओसरीवर बंदुका मांडीवर घेऊन बसायचे आणि माल विकायला कोणी आले की त्याच्या दिशेने गोळ्या झाडून पळवून लावायचे, हा त्यांचा उद्योग. प्रेक्षक इथे हसतात, आणि मला हे हसणे पटत नाही. माणसाच्या दिशेने गमतीत नळी वळवणे हा रेंजवरचा सगळ्यांत मोठा गुन्हा आहे, हे तिथेच सिनेमा थांबवून नातवाला सांगा. तुम्ही सांगितलेले त्याच्या लक्षात राहील. पण हाच सिनेमा मी सुचवते तो पुढच्या एका प्रसंगासाठी. म्हाताऱ्यांना शिकारीची हौस येते आणि ते चक्क एक सिंह मागवतात. पिंजरा येतो, दोघे बंदुका भरून तयार उभे राहतात, आणि आत असते एक थकलेली, म्हातारी सिंहीण, जी बाहेर यायलाही तयार नाही. ते बंदुका खाली करतात. ज्यांनी आयुष्यभर गोळ्या चालवल्या, त्यांना गोळी न चालवण्याचे कारण कोणी समजावून द्यावे लागत नाही. ती सिंहीण पुढे त्यांच्याच रानात राहते. माझ्या मते बंदुकीचे आणि जुन्या सैनिकाचे एवढे नेमके चित्र मुलांच्या सिनेमात क्वचित आले असेल.

एक सिनेमा फक्त तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी सुचवते, नातवाला आणखी काही वर्षे तो नको. ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’, १९४६ मधला. युद्ध संपल्यावर घरी आलेल्या तीन सैनिकांची ती गोष्ट आहे. दोन्ही हात गमावलेल्या खलाशाचे काम हॅरॉल्ड रसेल यांनी केले आहे. ते खरेच सैन्यात होते आणि १९४४ मध्ये प्रशिक्षणाच्या वेळी स्फोटात त्यांचे दोन्ही हात गेले होते. त्या एका भूमिकेसाठी त्यांना दोन ऑस्कर मिळाले. रात्री हातांचे आकडे काढून ठेवल्यावर आपण किती परावलंबी होतो, हे तो आपल्या होणाऱ्या बायकोला दाखवतो, तो प्रसंग पाहताना वहिनींना तुमच्याबद्दल काही विचारावेसे वाटले तर त्यांना उत्तर द्या.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते. मी शिक्षिका होते तेव्हा एकदा १५ ऑगस्टला एका माजी हवालदारांना शाळेत बोलावले होते. पाचवीच्या मुलांनी त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी पिशवीतून पॉलिशची डबी काढली आणि बूट कसे चमकवायचे ते मुलांना दाखवले. मुले रमली, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मुलांना आधी समज देऊन ठेवणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. तुमच्या नातवाला कोणी समज दिलेली नाही, तेव्हा त्याच्यावर रागावू नका आणि त्याला क्रूरही समजू नका. त्याला युद्ध ही गोष्ट अजून क्रिकेटच्या धावफलकासारखी वाटते.

त्याला खोटे सांगू नका. ‘एकही नाही’ हे खरे नसेल तर म्हणू नका, आणि आकडाही सांगू नका. तो आकडा दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये पोहोचेल. असे सांगता येईल : ‘बाळा, लढाईत काय झाले ते आजोबा तुला सांगतील, पण तू दहावी झालास की. ती मोजून सांगायची गोष्ट नसते, आणि ती आठवली की आजोबांना अजून जड वाटते.’ जड वाटते हे त्याला कळू द्या, त्यात कमीपणा नाही. मग लगेच जे सांगण्यासारखे आहे ते सांगा. बर्फात बूट काढल्यावर पायांना काय होत असे, श्रीलंकेत पाण्याची बाटली किती जणांनी मिळून वापरली, घरचे पत्र यायला किती दिवस लागत आणि ते आल्यावर तुम्ही ते कुठे जाऊन वाचत होता. तुमच्या शेजारी झोपणाऱ्या जोडीदाराचे गाव कोणते होते, तो आता कुठे असतो. तो हयात असेल तर त्याला फोन लावून नातवाशी बोलायला द्या. दोन म्हातारे फौजी फोनवर एकमेकांना कशी हाक मारतात, हे ऐकले की त्या मुलाला फौज म्हणजे काय ते कोणत्याही सिनेमापेक्षा लवकर कळेल.

सूनबाईंना दिवाळीची वाट न पाहता आधीच फोन करा. मुलाकरवी निरोप देऊ नका, त्यांच्याशीच बोला. पहिल्यांदा बंदूक कुलपात टाकली आहे हे सांगा, सिनेमाचा विषय त्यानंतर काढा. क्रम उलटा करू नका. मग वरची तीन नावे त्यांना द्या, त्यांनी आधी एकटीने पाहावेत आणि कोणता दाखवायचा हे त्यांनी ठरवावे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडच्या सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे झाले आहेत. ते पालकांना अंदाज यावा म्हणून आहेत आणि शेवटचा निर्णय आई-वडिलांचाच असतो. तुमचा नातू असला तरी या बाबतीत तुम्ही त्यांच्या हाताखाली आहात, आणि वरिष्ठांचा निर्णय मान्य करून काम कसे करावे हे तुम्हाला शिकवावे लागणार नाही. सिनेमा चालू असताना रिमोट त्यांच्या हातात राहू द्या. त्यांनी एखाद्या ठिकाणी थांबवले तर उठून ओट्यावर जाऊ नका, तिथेच बसून राहा आणि त्यांना काय खटकले ते विचारा. बहुधा तुम्हालाही तेच खटकले असेल.

‘सांड की आँख’ पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नातवाला शेजारी उभे करा आणि दोघांनी एकेक तांब्या पाण्याने भरून हात सरळ पुढे धरून पाहा. कोणाचे पाणी आधी हिंदकळते ते सूनबाईंना बघायला सांगा. त्याच्या हातात पितळी तांब्या देऊ नका, चौथीतल्या मुलाच्या मनगटाला तो झेपणार नाही. स्टीलचा, अर्धा भरलेला पुरे.